इठा ऊर्फ विठा

माझ्या आजीचं नाव इठा. शाळेत गेली असती तर मास्तरांनी तिची विठा केली असती. ती गेली नाही. मी गेलो, आणि मीच तिची विठा केली. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी नावाचं बघू.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या अंगाला. गावकुसाची भिंत अंगावर पडून चोखोबा मेला ते मंगळवेढं. साल 1338 सांगतात. त्याची हाडं नामदेवानं पंढरपूरला नेली अन् देवळाच्या महाद्वाराबाहेर पुरली. जिवंतपणी बाहेर, मेल्यावर पण बाहेर. आजी लहानपणापासून वारीला जायची ती त्या चोख्याच्या पायरीपर्यंत. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं आणि त्याच साली देऊळ आम्हाला उघडलं. आजी तोवर लेकुरवाळी झाली होती. ज्या देवाचं नाव जन्मापासून वाहिलं, त्याचं तोंड तिनं तेव्हा बघितलं.

तर नाव. आमच्याकडं 'वि'चा 'इ' होतो. विस्तवाचा इस्तू, विचाराचा इचार, विंचवाचा इच्चू. 'वे'चा 'ये' होतो. वेळ म्हंजे येळ, वेस म्हंजे येस. त्याच न्यायानं विठोबा म्हंजे इठोबा आणि विठा म्हंजे इठा. यात कुणाची जीभ जड नाही. सगळा मुलूख असा बोलतो, मराठा काय, धनगर काय, महार काय. पण शाळेत ही चूक ठरते. आणि चूक ठरली की ती महारवाड्याच्याच नावावर चढते. पाटलाचा पोरगा 'इहीर' म्हणाला तर तो गावरान. मी म्हणालो तर "तुमच्या लोकांना उच्चारच नाहीत." मास्तर वेताची छडी टेबलावर आपटून म्हणायचे, दात ओठाला लाव, वि म्हण, वि. वर्गभर मी एकटा उभा राहून वि-वि करायचो. पोरं हसायची.

हे काही आमच्या शाळेपुरतं नाही. जोतीराव फुल्यांनी जे लिहिलं त्यातला जाळ विष्णुशास्त्री चिपळूणकरांना सोसला नाही. 1874 साली सुरू केलेल्या निबंधमालेतून त्यांनी जोतीरावांच्या व्याकरणावर बोट ठेवलं. भाषा अशुद्ध ठरवली की म्हणणं ऐकायची गरज उरत नाही.

आता गंमत बघा. विठ्ठल म्हंजे विटेवर उभा तो, असं आमचे म्हातारे सांगायचे. मग वीट हा शब्द कुठला? संस्कृतात इष्टका. प्राकृतात इट्टा. हिंदीत ईंट. सगळीकडं 'इ'च आहे. 'व' कुठून आला? तो मराठीनं मागाहून चिकटवला. म्हंजे शुद्धवाल्यांची वीट ही नंतरची, आणि माझ्या आजीची ईट संस्कृताच्या जास्त जवळची! मास्तरांना हे कुणी सांगावं? मीही खोटं बोलणार नाही. विंचवाचा 'व' खरा आहे, तो वृश्चिकातून आला. तिथं आम्ही गाळला. म्हंजे कधी आम्ही गाळतो, कधी ते चिकटवतात. आमचं गाळणं तेवढं अडाणीपण, त्यांचं चिकटवणं मात्र व्याकरण.

विठ्ठल विटेवरूनच आला हे विद्वानांना मान्य नाही. रा. गो. भांडारकरांनी विष्णूचं कानडी रूप 'बिट्टी' धरलं आणि तिथून विठ्ठल काढला. होयसळांचा विष्णुवर्धन राजा आधी बिट्टिदेवच होता. म्हंजे 'वि'चा 'बि' राजवाड्यात चालला. त्या राजाला कुणी वर्गात उभं केलं नाही. पुढं 1984 साली रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठल हा मुळात गवळ्या-धनगरांचा देव असल्याचं मांडलं. बाबासाहेब तर 25 डिसेंबर 1954 ला देहूरोडला बुद्धमूर्ती बसवताना म्हणाले होते की पंढरपूरची मूर्ती बुद्धाची आहे. पांडुरंगाचं नातं त्यांनी पुंडरिकाशी, कमळाशी जोडलं. ज्या देवाचं मूळच असं वादात आहे, त्याच्या नावाचा एकच उच्चार शुद्ध कसा?

आणि विठा हे नुसतं बाईचं नाव पण नाही. नामदेवाच्या चार पोरांत नारा, विठा, गोंदा, म्हादा अशी नावं आहेत. आमच्या काळात बायांत ते फार. पंढरपुरात 1935 साली जन्मलेल्या, भाऊ मांगांच्या लेकीचं नाव विठाबाईच. तीच तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर. फळीवर, कागदावर विठाबाई. आमच्याकडचे लोक बैल जुंपून निघायचे ते 'इठाबाईचा तमाशा' बघायला.

1956 चा ऑक्टोबर आला. काका नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला सोडले. मग म्हणाले, आईचं नाव पण बदलायचं, ते त्या देवाचं आहे. विशाखा ठेवू, बुद्धाची उपासिका होती ती. आजी चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "इशाका व्हय? ठेव की." काका कपाळाला हात लावून बसले. नाव पंढरपुरातून श्रावस्तीला गेलं तरी 'वि' काही तिच्या ओठाला लागेना. काकांचं म्हणणं चूक नव्हतं. ज्यानं दारात उभं केलं नाही त्याचं नाव का मिरवायचं? आजीचं म्हणणं एवढंच, "माज्या आयनं इठा म्हनून हाक मारली. द्येवानं न्हाई."

आता माझं. मी मास्तर झालो. इस्त्रीची कापडं, जिभेवर 'व' पक्का. 1983 साली आजीसाठी निराधार योजनेचा अर्ज मी भरला. रेशनकार्डावर दुकानदारानं 'इठाबाई' लिहिलं होतं. मला लाज वाटली. अर्जात मी ठसठशीत अक्षरात 'विठाबाई' लिहिलं. कचेरीतल्या कारकुनानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, ह्या दोन बाया आहेत. सहा महिने पैसा नाही. म्हातारी दर महिन्याला एस.टी.नं तालुक्याला जायची, कचेरीच्या पायरीवर बसायची, संध्याकाळी परत. पायरीवर बसायची तिला सवय होतीच.

शेवटी प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. झाडाखालच्या टायपिस्टापुढं आम्ही बसलो. मी सांगितलं, नमूद दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. त्यानं टाईप केलं. आजीनं विचारलं, "काय लिवलं रं?" मी वाचून दाखवलं, "विठा ऊर्फ इठा."

"ऊर्फ म्हंजे?"

"म्हंजे दोन्ही तूच."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग माजं आदी लिव्ह की. तुजं मागनं."

टायपिस्ट हसला. म्हणाला, बदलायचं तर नवा स्टँपपेपर लागेल. माझ्या खिशात परतीच्या तिकिटापुरतेच पैसे होते. तिनं अंगठा पुढं केला, मी त्याला शाई लावली.