यवतमाळ जिल्ह्यातील मालवाहतूक

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कापूस, धान्य, कोळसा इ. मालाच्या ने-आणीसाठी शासन, रेल्वे, स्थानिक संस्था, व्यापारी आणि कारखानदार यांनी परस्परांच्या साहाय्याने, तर कधी परस्परांशी झगडत, उभारलेली व्यवस्था. एखाद्या प्रदेशातील माल कोठे गोळा व्हावा, कोणत्या मार्गाने जावा, त्यासाठी लागणारे भांडवल कोणी पुरवावे आणि मार्गाची निगा कोणी राखावी, यांविषयीचे पूर्वनियोजन म्हणजे प्रादेशिक मालवाहतूक नियोजन होय. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा असून मुंबईहून नागपूरकडे जाणारा मुख्य लोहमार्ग त्याच्या उत्तरेकडून, जिल्ह्याबाहेरून गेला आहे. त्यामुळे माल मुख्य मार्गापर्यंत पोहोचविण्याचा प्रश्न येथे प्रारंभापासूनच महत्त्वाचा ठरला. शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव हा मुंबईच्या भावातून वाहतुकीचा व प्रक्रियेचा खर्च वजा जाऊन उरलेला भाव असल्यामुळे या प्रश्नाचा संबंध केवळ व्यापाराशी नसून शेतकऱ्याच्या निर्वाहाशीही होता.

पूर्वस्थिती : रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडातील मालाची वाहतूक मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होत असे. बंजारा (लमाण) समाजाचे तांडे धान्य व कापूस घेऊन जात आणि परतताना मीठ व इतर जिन्नस आणीत. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील बंजारा वस्तीला या व्यवसायाची पार्श्वभूमी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाड–नागपूरकडील कापूस दूरवर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. १८२५-२६ च्या सुमारास हैदराबादच्या विकाजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकारांनी वऱ्हाडातील कापूस मुंबईस पाठविण्यास आरंभ केला आणि व्यापाराचे तोंड पश्चिमेकडे वळले. लादलेल्या बैलाची वहनक्षमता अल्प असे, पावसाळ्यात वाटा बंद होत आणि सैल भरलेला कापूस वाटेत धुळीने व पाण्याने खराब होई.

मुख्य लोहमार्ग व शासनाचे धोरण : १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. त्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली. १८६१–६५ मधील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसास अपूर्व मागणी आली. १८६७ मध्ये भुसावळहून आलेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. मुख्य मार्ग खामगाव व अमरावती या कापसाच्या मोठ्या पेठांना बाजूला ठेवून गेला होता म्हणून शासनाने जलंब–खामगाव (१८७०) व बडनेरा–अमरावती (१८७१) हे लहान फाटे स्वखर्चाने बांधले. पेठ आणि स्थानक यांतील अंतर मिटविणे हे शासनाचे कर्तव्य होय, ही भूमिका यातून स्पष्ट होते.

दक्षिणेकडील वणी (वूण) जिल्ह्याच्या वाट्यास मात्र असा फाटा लवकर आला नाही. १९०५ मध्ये या जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ असे ठेवण्यात आले. यवतमाळचा कापूस सु. ४५ किमी. अंतरावरील धामणगाव स्थानकापर्यंत बैलगाड्यांनी नेला जाई. वणीकडील माल वरोड्याकडे वळे. तेथे कोळशाच्या खाणीसाठी वर्धा खोऱ्यातून लोहमार्ग आला होता. हंगाम मोजक्या महिन्यांचा असल्याने एकाच वेळी शेकडो गाड्या रस्त्यावर येत. काळ्या जमिनीतील कच्च्या रस्त्यांवर बैल थकत आणि भाडे वाढे.

प्रक्रिया व वाहतूक : कापसाच्या वाहतुकीचा एक विशेष असा, की तिचा खर्च सरकी काढण्याचे व दाबण्याचे कारखाने कोठे आहेत यावर अवलंबून असतो. वेचलेल्या कापसाच्या वजनात रुईचा भाग सु. एक तृतीयांश असतो, उरलेला भाग मुख्यतः सरकीचा. सरकी काढून रुईच्या गासड्या बांधल्या, की वजन घटते आणि आकारमान तर कित्येक पटींनी कमी होते. त्यामुळे दाबयंत्राचे कारखाने लोहमार्गालगत उभे राहिले व जेथे कारखाना तेथे बाजार, असा क्रम पडला. रेल्वेचे स्थान शासनाने व कंपनीने ठरविले, कारखान्याचे स्थान भांडवलदाराने ठरविले. आपला माल कोठे विकावा हे ठरविण्याचे शेतकऱ्याचे स्वातंत्र्य या दोन निर्णयांनी बरेचसे मर्यादित झाले.

बाजारांचे नियमन : वाहतुकीबरोबरच विक्रीच्या ठिकाणीही सार्वजनिक नियंत्रण व व्यापारी सहभाग यांची सांगड वऱ्हाडात प्रथम घातली गेली. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ चा ‘वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा’ संमत झाला. त्यानुसार बाजाराच्या जागा निश्चित करणे, अडते व तोलारी यांना परवाने देणे, वजने तपासणे आणि अनधिकृत हक्कांची वसुली थांबविणे ही कामे बाजार समितीकडे आली. समितीत नगरपालिकेचे व व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी असत. उत्पादकांना मात्र तीत स्थान नव्हते. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला, त्या वेळी वऱ्हाडच्या पद्धतीतील हे वैगुण्यही चर्चेत आले. मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्याने उत्पादकांच्या प्रतिनिधित्वाचे तत्त्व मान्य केले होते.

मूर्तिजापूर–यवतमाळ लोहमार्ग : जिल्ह्याच्या मालवाहतुकीच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची घटना. मुख्य मार्गाला माल पुरविणाऱ्या शाखा खाजगी भांडवलातून बांधून घेण्याचे धोरण भारत सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीकारले होते. त्याचे सर्वसाधारण स्वरूप असे, की जमीन शासनाने द्यावी, भांडवल कंपनीने उभारावे, गाड्या मुख्य मार्गाच्या रेल्वेने चालवाव्यात आणि उत्पन्नाची वाटणी करारानुसार व्हावी. या धोरणाचा लाभ घेऊन मुंबईच्या किलिक, निक्सन आणि कंपनी या व्यापारी पेढीने (स्थापना १८५७) तापी खोरे रेल्वेसारखे अनेक लोहमार्ग उभारले. याच पेढीच्या पुढाकाराने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने मूर्तिजापूर–यवतमाळ (सु. ११३ किमी.), मूर्तिजापूर–अचलपूर (सु. ७६ किमी.) व पुलगाव–आर्वी (सु. ३५ किमी.) हे अरुंदमापी मार्ग बांधले. रुळांमधील अंतर ७६२ मिमी. होते. गाड्या चालविण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेकडे होते. यवतमाळची गाडी पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकांत परिचित झाली. या मार्गावरील दारव्हा मोतीबाग येथून पुसदकडे एक फाटा काढण्यात आला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो उखडण्यात आला आणि पुसदचा समृद्ध परिसर पुन्हा लोहमार्गावाचून राहिला.

या व्यवस्थेचे गुण उघड होते. शासनाला मोठा भांडवली खर्च न करता शाखा मिळाली, मुख्य रेल्वेला माल मिळाला, पेढीला उत्पन्न मिळाले आणि यवतमाळ, दारव्हा व कारंजा येथील बाजार मुंबई बंदराशी जोडले गेले. तिच्यातील दोषही रचनेतच होते. अरुंदमापी मार्ग स्वस्त असला, तरी मूर्तिजापूरला प्रत्येक गासडी उतरवून रुंदमापी डब्यात चढवावी लागे. त्यात वेळ व मजुरी जाई आणि मालाची नासाडी होई. दुसरा दोष अधिक गंभीर होता. मालकी एकाची, परिचालन दुसऱ्याचे आणि जमीन तिसऱ्याची, अशा स्थितीत उत्पन्न वाढत असताना सर्वांचे हित एक होते. उत्पन्न घटू लागताच नवे भांडवल घालण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर करारात नव्हते.

कापसाच्या शुद्धतेचे नियंत्रण : रेल्वेमुळे दूरच्या प्रदेशातील हलका कापूस चांगल्या कापसाच्या प्रदेशात आणून मिसळणे व त्या प्रदेशाच्या नावाने विकणे सोपे झाले. १९१७–१९ च्या भारतीय कापूस समितीने या गैरप्रकाराकडे लक्ष वेधले. तिच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. तीत शासन, व्यापारी, गिरणीमालक व उत्पादक या सर्वांना प्रतिनिधित्व होते. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने संरक्षित क्षेत्रात रेल्वेने कापूस आणण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार प्रांतिक शासनांना दिला, तर १९२५ च्या कायद्याने सरकी काढण्याच्या व दाबण्याच्या कारखान्यांना नोंदी ठेवणे आणि गासड्यांवर खुणा करणे बंधनकारक केले. वाहतूक हे केवळ माल हलविण्याचे नव्हे, तर मालाची प्रत राखण्याचेही साधन आहे, ही जाणीव या कायद्यांमागे होती.

रस्ते आणि मोटार वाहतूक : पहिल्या महायुद्धानंतर मालमोटारींचा प्रसार झाला. मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते विकास समितीच्या (१९२७) शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवरील करातून मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण करण्यात आला. रेल्वे व मोटार यांच्यातील स्पर्धेचा विचार करण्यासाठी १९३३ मध्ये सिमला येथे परिषद भरली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारींना परवाना आवश्यक ठरविला आणि प्रादेशिक परिवहन प्राधिकरणांची तरतूद केली. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने वीस वर्षांची देशव्यापी रस्ते योजना आखली. विकसित कृषिक्षेत्रातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग अशी वर्गवारी याच योजनेने रूढ केली.

स्वातंत्र्योत्तर काळ : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे व्यवस्थापन १९२५ मध्येच शासनाकडे आले होते. १९५१ मध्ये मध्य रेल्वे विभाग निर्माण झाला. यवतमाळ मार्गाची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली व मध्य रेल्वे करारान्वये गाड्या चालवीत राहिली. मालमोटार शेतकऱ्याच्या वा कारखान्याच्या दारातून माल उचलून थेट गिरणीपर्यंत नेत असल्याने मूर्तिजापूरची चढउतार वाचू लागली. त्यामुळे कापूस रस्त्याकडे वळला आणि ज्या मालासाठी हा लोहमार्ग बांधला गेला, त्यानेच त्याची साथ सोडली. उरली ती गरीब प्रवाशांची वाहतूक. १९९४ मध्ये वाफेच्या एंजिनांच्या जागी डीझेल एंजिन आले. रुळांच्या दुरवस्थेमुळे वेग मंदावत गेला आणि २०२० पूर्वीच यवतमाळची सेवा बंद पडली.

कापसाच्या व्यापारात राज्य शासनाने १९७१ च्या कायद्यान्वये एकाधिकार खरेदी योजना आणली. १९७२-७३ च्या हंगामापासून तिची अंमलबजावणी झाली. प्रारंभी महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ व १९८४ पासून कापूस उत्पादकांचा स्वतंत्र पणन महासंघ ही यंत्रणा होती. संकलन केंद्रे ठरविणे, खाजगी व सहकारी कारखान्यांकडून प्रक्रिया करून घेणे आणि गासड्या वखारींत पोहोचविणे हे सर्व एका संस्थेकडे आल्याने मालवाहतुकीचे जिल्हावार नियोजन प्रथमच शक्य झाले. तथापि केंद्रांवर हंगामात लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा आणि चुकारे मिळण्यास होणारा विलंब यांमुळे शेतकऱ्यांत असंतोष राहिला. २००२ नंतर खाजगी खरेदीस वाव मिळून एकाधिकार संपुष्टात आला.

कोळसा व सिमेंट : जिल्ह्याच्या पूर्वेस वणी परिसरात कोळशाचे साठे आहेत. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सार्वजनिक कंपनीच्या वणी उत्तर क्षेत्रातील खाणी जिल्ह्यात येतात. माजरी–वणी–आदिलाबाद हा रुंदमापी मार्ग या भागातून जातो. त्याच मार्गावरील मुकुटबन येथे २०२२ मध्ये मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. कोळसा व सिमेंट हा वजनदार, बारमाही माल असल्याने त्यास लोहमार्ग परवडतो. कापूस हा हंगामी व विखुरलेला माल असल्याने तो रस्त्यावर गेला. जिल्ह्याच्या पूर्व व पश्चिम भागांतील वाहतुकीत पडलेल्या फरकाचे मुख्य कारण हेच होय.

सद्यःस्थिती : वर्धा–यवतमाळ–नांदेड या सु. २८४ किमी. लांबीच्या रुंदमापी मार्गाचे काम चालू असून त्याच्या खर्चाचा ४० टक्के वाटा राज्य शासनाने उचलला आहे. त्यापैकी वर्धा–कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुढे तो दारव्हा, दिग्रस, पुसद व उमरखेड या भागांतून जाईल. नागपूर–तुळजापूर महामार्ग यवतमाळवरून, तर उत्तर–दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्यावरून जातो. जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला ७०१ किमी.चा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग मात्र, १८६७ च्या लोहमार्गाप्रमाणेच, जिल्ह्याच्या उत्तरेकडून गेला आहे. त्यामुळे मुख्य मार्गापर्यंत पोहोचण्याचा जुना प्रश्न नव्या स्वरूपात कायम आहे. फाट्याचा खर्च कोणी करावा याचे उत्तर १८७० मध्ये शासनाने, १९१० मध्ये खाजगी पेढीने आणि अलीकडे केंद्र व राज्य शासनांनी मिळून दिले. बांधलेल्या मार्गाची निगा दीर्घकाळ कोणी राखावी, हे प्रारंभीच ठरविणे किती आवश्यक असते, हे मात्र मूर्तिजापूर–यवतमाळ लोहमार्गाच्या इतिहासावरून दिसून येते.