घाटांतील धांव

वैनगंगेच्या खोऱ्यांतील भंडारा जिल्हा हा तळ्यांचा आणि धानाच्या बांध्यांचा मुलूख. येथें शर्यत म्हटली कीं जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम शंकरपट उभा राहतो. सुगी आटोपल्यावर सपाट, मोकळ्या जमिनीवर बैलांच्या जोड्या सुटतात. दुतर्फा माणसांची दाटी होते आणि पंच घड्याळावर नजर ठेवून क्षणाक्षणाचा हिशेब करितात. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें हे पट बंद पडले, आणि २०२३ सालच्या मे महिन्यांत त्याच न्यायालयानें राज्यांचे सुधारित कायदे ग्राह्य धरल्यावर त्यांचा मार्ग पुन्हा निर्वेध झाला. पट बंद असतांनाही नामांकित जोड्यांचीं नांवें कोणी विसरलें नव्हतें. बैलाचें नांव असें पंचक्रोशींत वर्षानुवर्षें राहतें. मग स्वतःच्या पायांनीं धांवणाऱ्या माणसाचें नांव कोठें राहतें, असा प्रश्न सहजच मनांत येतो. त्याचें उत्तर शोधूं लागलें असतां सपाटीवरून निघून सह्याद्रीच्या घाटांत जावें लागतें.

धांवणें ही मराठी मुलखाला नवी गोष्ट नव्हे. छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळीं राज्याचा कारभार ज्या पत्रांवर चालला, तीं पत्रें घाट उतरून कोंकणांत आणि घाट चढून देशावर नेण्याचें काम जासूद व काशीद करीत. पुढें इंग्रजी अमदानींत डाकेचे हरकारे आले. हातांत घुंगुर लावलेला भाला आणि खांद्यावर थैली घेऊन ते नेमलेल्या टप्प्यापर्यंत धांवत जात आणि तेथें ती थैली दुसऱ्याच्या हवाली करीत. जुन्या दप्तरांत पत्र लिहिणाराचें नांव असतें, ज्यास लिहिलें त्याचेंही असतें. पत्र वाहून नेणारा मात्र बहुधा ‘जासूद जोडी’ एवढ्या दोन शब्दांतच आटोपलेला असतो. त्याच्या पायांवर राज्य चाललें, परंतु त्याचें नांव टिपून ठेवावें असें कोणास वाटलें नाहीं.

धांवणाऱ्याला नांव मिळावयाचें तर कोणी तरी रस्ता मोजला पाहिजे, वेळ टिपली पाहिजे आणि ती वही जपून ठेविली पाहिजे. हें काम एकट्यादुकट्याचें नसून संस्थेचें आहे. महाराष्ट्रांत तें ज्या संस्थांनीं आरंभिलें त्यांत पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचें नांव अग्रभागीं येतें. हा जिमखाना १९०६ सालीं स्थापन झाला. पुढें सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष झाले, आणि १९१९ च्या सुमारास त्यांनीं तेथील मैदानी शर्यती डोळ्यांनीं पाहिल्या. जें पाहिलें त्याचें वर्णन त्यांनीं दहा वर्षांनंतर, १९२९ सालीं, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रांत केलें आहे.

त्या पत्राचा आशय मोठा बोलका आहे. जिमखान्याचे चालक पांढरपेशे, शिकलेले लोक होते. मॅरेथॉन शर्यतीविषयीं त्यांनीं पुस्तकांत वाचलें होतें आणि तशी सुमारें २५ मैलांची धांव आपल्याकडेही व्हावी अशी त्यांची हौस होती. प्रत्यक्ष धांवणारीं मुलें शेतकरी वर्गांतील होतीं. तीं शेतांत राबत, साधी भाकरी खात आणि अनवाणी धांवत. युरोपांतील नियम त्यांना ठाऊक नव्हते, व शिक्षणही कोणी दिलेलें नव्हतें. मैदान लहान, गवत ओबडधोबड. तथापि जीं मुलें कठीण खडीच्या रस्त्यांवरून आणि आपल्या गांवच्या उभ्या डोंगरवाटांवरून अनवाणी चढउतार करीत आलीं होतीं, त्यांना तें खडबडीत गवतही चैनीचें वाटत होतें, असें टाटांनीं नमूद केलें आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनाही त्यांनीं समारंभास बोलाविलें होतें. कांहीं धांवणाऱ्यांची कामगिरी युरोपांतील कामगिरीशीं ताडून पाहण्याजोगी आहे असें दिसल्यावर, त्यांतील तिघांना अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांना पाठवावें हा विचार टाटांच्या मनांत पक्का झाला.

येथें क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. त्या मुलांची ताकद कोणत्याही जिमखान्यानें घडविलेली नव्हती. ती डोंगरानें घडविली होती. जिमखान्यानें इतकेंच केलें कीं त्यांना एका रेघेवर उभें केलें आणि घड्याळ लाविलें. परंतु हें ‘इतकेंच’ अतिशय मोलाचें होतें. त्यावांचून बेळगांवच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचें नांव जगाच्या क्रीडा-इतिहासांत कधींच आलें नसतें.

१९२० सालीं हिंदुस्थानचा सहा जणांचा चमू बेल्जममधील अँटवर्प येथें गेला. त्यांत बंगालचे बॅनर्जी हे जवळच्या पल्ल्याचे धांवपटु, नवले व शिंदे हे मल्ल, आणि चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार व हुबळीचे कैकाडी हे लांब पल्ल्याचे धांवणारे होते. मॅरेथॉन शर्यत २२ ऑगस्ट रोजीं झाली. आज या शर्यतीचें अंतर ४२.१९५ किलोमीटर असें ठरलेलें आहे. पण हा दंडक १९२१ सालचा असून, त्याच्या आदल्या वर्षीं अँटवर्पला जें अंतर धांवावें लागलें तें ४२.७५ किलोमीटर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहूनही अधिक जास्त होतें. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंदांत पहिला आला. चौगुले यांनीं २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंदांत शर्यत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातार यांना शर्यत पुरी करतां आली नाहीं. तथापि त्यांच्या नांवापुढें तशी नोंद आहे, आणि अपुऱ्या राहिलेल्या धांवेचीही नोंद राहणें हा जासुदांच्या काळापेक्षां मोठाच फरक होय. पुण्याच्या मैदानावर धांवलेल्या बाकीच्या शेतकरी मुलांचीं नांवें आज कोणाच्याच तोंडीं नाहींत.

डोंगर पायांना काय शिकवितो, हेंही थोडें पाहिलें पाहिजे. सपाटीवर धांवणारा माणूस मुख्यतः पुढें जातो; चढावर त्याला प्रत्येक पावलागणिक स्वतःचें वजन वर उचलावें लागतें. त्यामुळें गति मंदावली तरी श्वास आणि हृदय यांवरील भार वाढतो. जो नवशिका चढावरही सपाटीचीच गति राखूं पाहतो, तो अर्ध्या वाटेंत दमून बसतो. जाणता माणूस पाऊल आंखूड करितो, अंग किंचित् पुढें झुकवितो आणि गतीऐवजीं श्रम सारखे ठेवितो. उतार सोपा असतो ही समजूतही खरी नव्हे. उतरतांना मांडीचे स्नायु ताणले जात असतांनाच शरीराला आवरून धरितात. असें हजारों वेळां घडलें कीं स्नायूंच्या सूक्ष्म तंतूंना इजा होते, आणि खरी वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं जाणवते. म्हणून घाटाच्या शर्यतीची तयारी करणारे चढाइतकाच उताराचाही सराव करितात. घाटमाथ्यावरच्या मुलांना हें ज्ञान वाटेनेंच दिलें होतें.

घाटरस्त्याच्या शर्यतींत संस्थेचा दरवाजा कोणासाठीं उघडतो आणि कोणासाठीं मिटतो, याचें जगांतील ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेंत सांपडतें. पीटरमारित्सबर्ग हें नांव मराठी वाचकास परिचित आहे; १८९३ सालीं याच गांवच्या स्टेशनावर गांधीजींना आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांतून खालीं उतरविण्यांत आलें. त्या गांवापासून डर्बनपर्यंतच्या डोंगराळ रस्त्यावर पहिल्या महायुद्धांतील मृत सैनिकांच्या स्मरणार्थ ‘कॉम्रेड्स’ नांवाची सुमारें ९० किलोमीटरांची शर्यत २४ मे १९२१ रोजीं सुरू झाली. पहिल्या वर्षीं ३४ जण धांवूं लागले व १६ जण पोंचले. पहिला आलेल्या बिल रोवनला ८ तास ५९ मिनिटें लागलीं. दुसऱ्या वर्षीं दिशा उलटली, आणि एके वर्षीं उतरणीची व दुसऱ्या वर्षीं चढणीची असा पालटता क्रम पुढें रूढ झाला.

परंतु १९२३ सालीं फ्रान्सेस हेवर्ड या स्त्रीनें प्रवेश मागितला तेव्हां तो नाकारण्यांत आला. ती तरीही धांवली आणि ११ तास ३५ मिनिटांत पोंचली. १९३५ सालीं रॉबर्ट म्चाली हा कृष्णवर्णी धांवपटु असाच प्रवेशावांचून धांवला व ९ तास ३० मिनिटांत पोंचला. त्याच डोंगरांवरून, त्याच उन्हांतून हीं दोघें गेलीं. अधिकृत निकालांत मात्र त्यांना जागा मिळाली नाहीं. स्त्रियांना व सर्व वर्णांच्या लोकांना तेथें रीतसर प्रवेश मिळण्यास १९७५ साल उजाडावें लागलें. २०१९ सालापासून दहा तासांच्या आंत पोंचणाऱ्यांस द्यावयाच्या एका पदकाला म्चालीचें नांव देण्यांत आलें. रस्त्यानें त्याला कधींच अडविलें नव्हतें. वहीनें चौऱ्यायशीं वर्षें अडविलें.

महाराष्ट्रांत खुद्द घाट हीच शर्यतीची भूमि होण्यास एकविसावें शतक यावें लागलें. ज्या साताऱ्याहून दातार अँटवर्पला गेले, त्याच साताऱ्यांत धांवणाऱ्यांच्या मंडळानें २०१२ सालीं घाटरस्त्याची अर्धमॅरेथॉन सुरू केली. शहरांतून निघावयाचें, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागावयाचें आणि त्याच वाटेनें माघारी उतरावयाचें, असा हा २१ किलोमीटरांचा मार्ग आहे. पावसाळा सरत आलेला असतो. धुकें, वारा आणि मध्येंच येणारी सर यांतून शेंकडों माणसें एका ओळीनें वर चढत असतात. २०१५ सालीं २,६१८ लोकांनीं ही धांव पुरी केली, आणि एकाच डोंगरावरील सर्वांत मोठी धांव म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथांत तिची नोंद झाली. येथें डॉक्टर, वकील, व्यापारी, शिक्षक, गृहिणी धांवतात. १९१९ सालीं जो वर्ग घड्याळ धरून कडेला उभा होता, तो आतां स्वतः रस्त्यावर उतरला आहे. हा पालट स्वागतार्हच होय.

मात्र ज्यांनीं हा चढ पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी तुडविला, त्यांच्या मुलांचें काय, हें विचारलेंच पाहिजे. त्यांच्यांत गुणांची वाण नाहीं. नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ आदिवासी भागांतील सावरपाड्याची कविता राऊत हिनें २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत १०,००० मीटरांच्या शर्यतींत कांस्यपदक आणि त्याच वर्षीं आशियाई सामन्यांत रौप्यपदक मिळविलें. सातारा जिल्ह्यांतील दुष्काळी माण तालुक्याच्या मोही गांवची ललिता बाबर २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकच्या ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत अंतिम फेरीला पोंचून दहावी आली. त्यापूर्वीं धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत अशी अंतिम फेरी गाठण्याचा मान भारतीय स्त्रियांपैकीं पी. टी. उषा यांना १९८४ सालीं, म्हणजे बत्तीस वर्षांमागें मिळाला होता. या दोघींच्या पायांत बळ गांवच्या वाटांनीं घातलें. शिक्षक, शाळा आणि संस्था यांनीं त्यांना हात दिला तेव्हां तें जगापुढें आलें. हात न मिळालेल्या किती मुली त्याच वाटांवर राहिल्या असतील, याची गणती कोणी केलेली नाहीं.

आजच्या शर्यतींना प्रवेशशुल्क असतें, बूट लागतात, प्रवासाचा खर्च येतो. शहरांतील सुखवस्तु घरास तो जड नाहीं. डोंगरांतल्या घरास तो जड आहे. सर दोराबजींनीं १९२० सालीं ओळखलेली गोष्ट हीच होती कीं पाय गरिबाचे असले तर वाटखर्च दुसऱ्या कोणी तरी उचलला पाहिजे. घाटांत शर्यत भरविणाऱ्या प्रत्येक मंडळानें त्या घाटांतल्या गांवच्या मुलामुलींना विनाशुल्क जागा ठेवणें हा उपकार ठरत नाहीं. ती एका जुन्या ऋणाची फेड आहे.

भंडाऱ्यासारख्या सखल जिल्ह्यालाही या इतिहासांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. तुमसर तालुक्यांत गायमुखाच्या टेकड्या आहेत, आंबागडाचा किल्ला आहे, आणि पायाखालचा चढ ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहे अशीं मुलें त्या गांवांतून आहेत. पटावरच्या जोडीसाठीं पंच, घड्याळ आणि हजारों प्रेक्षक जमविणाऱ्या जिल्ह्याला माणसाच्या धांवेसाठीं तितकीच सोय करणें अवघड नाहीं. चार शिक्षक, एक मोजलेला रस्ता, एक घड्याळ आणि एक वही एवढ्यावर आरंभ होऊं शकतो. त्या वहींत पहिल्या आलेल्याचें नांव लिहावें, शेवटीं पोंचलेल्याचें लिहावें, आणि अर्ध्या वाटेंत थांबलेल्याचेंही लिहावें. पत्र वाहून नेणाऱ्या जासुदाचें नांव आतां सांपडण्यासारखें नाहीं. परंतु उद्यां सकाळीं टेकडी चढणाऱ्या मुलाचें नांव लिहून ठेवणें अजून हातांत आहे.