दलालांच्या गैरवर्तनाच्या नोंदी पुसणे

रोखेबाजारातील दलालाविरुद्ध ग्राहकाने केलेल्या तक्रारीची नोंद कायमची काढून टाकण्याची अमेरिकेतील प्रक्रिया. तेथील दलालांच्या परीक्षा, नोकऱ्या, त्यांच्यावरील शिस्तभंगाच्या कारवाया, ग्राहकांच्या तक्रारी व तडजोडी यांची माहिती १९८१ साली सुरू झालेल्या ‘सेंट्रल रजिस्ट्रेशन डिपॉझिटरी’त साठवली जाते. तिचा बराचसा भाग ‘ब्रोकरचेक’ या विनामूल्य सेवेत कोणालाही पाहता येतो. ही व्यवस्था ‘फिन्रा’ ही दलाली पेढ्यांची स्वयंनियामक संस्था (स्थापना २००७) चालवते. आयुष्यभराची पुंजी कोणाच्या हाती द्यावी, हे ठरवताना सामान्य माणसाला याच नोंदींचा आधार असतो.

फिन्राच्या नियम २०८० नुसार तक्रार वस्तुतः अशक्य किंवा उघड चुकीची असेल, दलालाचा त्या प्रकरणाशी संबंध नसेल किंवा आरोप खोटा असेल, तरच नोंद पुसता येते. लवादाच्या निवाड्यावर न्यायालयाचे शिक्कामोर्तबही लागते. खोट्या तक्रारी होतात आणि त्यांनी निर्दोष माणसाचे नाव खराब होते, त्यामुळे ही तरतूद आवश्यकच आहे. दोष सुनावणीच्या पद्धतीत होता. तडजोडीचे पैसे मिळालेल्या ग्राहकाला पुन्हा लवादापुढे येण्याचे कारण उरत नसे. मग दलाल नोंद पुसण्याची स्वतंत्र मागणी करून तीत आपल्याच पेढीला प्रतिवादी करी, आणि नोंद पुसली जाण्याला पेढीचा बहुधा विरोध नसे. लवादासमोर एकच बाजू येई. काही दलाल नुकसानभरपाई म्हणून अवघा १ डॉलर मागत. त्यामुळे शुल्क कमी पडे आणि प्रकरण एकाच लवादाकडे जाई. २०२० साली शुल्काचे नियम बदलून ही पळवाट बंद करण्यात आली.

गुंतवणूकदारांच्या वकिलांच्या ‘पियाबा’ या संघटनेने २०१३ मध्ये २००७ ते २०११ या काळातील निवाडे तपासले. तडजोडीने मिटलेल्या प्रकरणांत नोंद पुसण्याची मागणी दहापैकी सुमारे नऊ वेळा मान्य झाल्याचे या तपासणीत आढळले. अपवाद म्हणून ठेवलेला उपाय असा सर्रास झाला. ग्राहकाने विरोध करू नये, अशी अट तडजोडीत घालण्यास २०१४ पासून मनाई आहे.

परिणाम गंभीर आहेत. पुसलेली नोंद केवळ ग्राहकालाच नव्हे, तर नवी पेढी आणि राज्यांचे नियामक यांनाही दिसत नाही. कॉलीन होनिग्सबर्ग व मॅथ्यू जेकब यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्वी नोंद पुसून घेतलेल्या दलालांकडून नवे गैरवर्तन घडण्याची शक्यता सरासरी दलालाच्या ३.३ पट असते. निर्दोषांसाठी ठेवलेल्या दारातून पुढे पुन्हा गैरवर्तन करणारेही बाहेर पडले, असाच याचा अर्थ होतो.

ऑक्टोबर २०२३ पासून नोंद पुसण्याच्या अशा स्वतंत्र मागण्या विशेष प्रशिक्षित लवादांच्या तीन सदस्यीय मंडळापुढे जातात. निर्णय एकमताने व्हावा लागतो, मागणीला कालमर्यादा आहे आणि राज्यांच्या नियामकांना सुनावणीत भाग घेता येतो. मात्र त्यापूर्वी पुसलेल्या नोंदी या नियमांमुळे परत आलेल्या नाहीत.