तट्टू गेले, सायकल आली

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रे म्हणून जे काही पूजेला मांडले जाते, त्यात विळा, अडकित्ता, माझे फाउंटन पेन आणि अण्णांची सायकल एवढा सरंजाम असतो. विळ्या-अडकित्त्याला हळदकुंकवाचे एकेक बोट पुरते. सायकलीची मात्र आदल्या दिवसापासून सरबराई करावी लागते. तिला धुवायची, तारा एकेक करून चिंधीने पुसायच्या, छर्ऱ्यांत तेल सोडायचे आणि शेवटी हँडलला झेंडूची माळ घालायची. अण्णा होते तोवर हे सारे ते स्वतः करीत. मला फक्त चिंधी धरण्याचा मान असे. ते गेल्यापासून मी करतो.

सायकल ॲटलास कंपनीची, १९६९ सालची. शेजारगावच्या शाळेत मास्तर म्हणून नेमणूक झाली तेव्हा अण्णांनी ती घेतली आणि तीस वर्षे तिच्यावरून जा-ये केली. तिच्याच मधल्या नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारीत मी सायकल शिकलो. पुढे मीही मास्तर झालो आणि तीच सायकल घेऊन शाळेत जाऊ लागलो. मी कादंबऱ्याही लिहितो. आजवर कागदावर मी सात माणसे मारली आहेत आणि एकदाही माझा हात कापला नाही. पण ही सायकल काढून नवी घ्या, असे कुणी म्हटले की मला रात्री झोप येत नसे.

गेल्या वर्षी माझी मुलगी आठवीत गेली. हायस्कूल तालुक्याला, घरापासून दोन कोस. तिने नवी सायकल मागितली. मी म्हटले, "अगं, घरात एवढी लाखमोलाची सायकल असताना नवी कशाला? तू ती घे. माझी शाळा जवळ आहे, मी चालत जाईन." या बोलण्यात पितृभक्ती किती आणि कंजूषपणा किती, याचा हिशेब मी त्या वेळी केला नाही. सायकल उंच, अठ्ठावीस इंची चाकांची, अंगाने जड. मधली नळी ओलांडून चढता-उतरताना पोरीची त्रेधा उडे. ओढ्याच्या उतारावर ती दोनदा पडली. मग तिने तक्रार करणेच सोडून दिले. महिन्याभराने मला कळले की, ती रोज सकाळी सायकल घेऊन निघते, वेशीबाहेरच्या मारुतीच्या देवळामागे लावून ठेवते आणि दोन कोस पायी जाते. संध्याकाळी देवळामागून सायकल काढते आणि घंटी वाजवीत घरी येते. बापाला वाईट वाटू नये म्हणून!

मी हे आईला सांगितले. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या अण्णांनी सायकल आणली, त्या दिवशी तुझे आजोबा जेवले नव्हते. ठाऊक आहे का तुला?"

मला ठाऊक नव्हते. आजोबा भिलवडी, पलूस, तासगाव असे बाजार करीत कापड विकत. गठ्ठे वाहायला एक पांढरे तट्टू असे. वय झाल्यावर बाजार सुटले, पण तट्टू दारात राहिले. ते विकून जे पैसे आले त्यात आजीची एक पुतळी मोडून भर घातली, तेव्हा कुठे सायकल आली. पुढे कित्येक आठवडे आजोबा काहीतरी निमित्त काढून पलूसच्या बाजाराला जात आणि नव्या मालकाचे ते तट्टू दुरून पाहून येत. अण्णांना मात्र त्यांनी "विकू नकोस" असे एका शब्दाने म्हटले नव्हते.

ज्या सायकलीसाठी मी एवढा जीव टाकीत होतो, ती एका लाडक्या मुक्या जिवाच्या जागी आली होती! त्या दिवसापासून सायकलीचा इतिहास मिळेल तेथून वाचू लागलो, आणि पाहतो तो काय, पहिल्याच पानावर घोडा उभा.

१८१५ च्या एप्रिलमध्ये, आज इंडोनेशियात असलेल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याने वातावरण असे काही झाकोळले की, १८१६ साली युरोपात म्हणावा तसा उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली, धान्य महागले, घोड्यांना दाणा मिळेनासा झाला. बाडेन राज्यातला कार्ल द्राइस नावाचा वनाधिकारी बिनघोड्याच्या वाहनाच्या मागे लागला तो याच टंचाईमुळे, असे काही अभ्यासक मानतात. १२ जून १८१७ रोजी मानहाइम शहरातून तो आपल्या लाकडी दुचाकीवर बसून निघाला. तिला पायडल नव्हते; दोन्हीकडे पाय सोडून जमिनीला रेटे देत पळायचे. म्हणजे घोड्यावर बसायचे आणि घोड्याचे पायही आपणच व्हायचे!

पुढे १८६० नंतर पॅरिसमध्ये मिशो नावाच्या लोहाराच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या गाड्या निघाल्या. मग वेगाच्या हौसेने ते पुढचे चाक वाढत वाढत पाच फुटांपर्यंत गेले. ठेच लागली की स्वार डोक्यावर आपटे, तरी शौकिनांना ती उंची सोडवेना. या उंच सायकलीला इंग्लंडात लोकप्रिय करणारा जेम्स स्टार्ली. त्याचाच पुतण्या जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली कॉव्हेंट्रीत 'रोव्हर' काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, साखळी मागच्या चाकाला. थोड्याच वर्षांत पुतण्याच्या सायकलीने चुलत्याची सायकल मोडीत काढली. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. हा डनलॉप धंद्याने जनावरांचा डॉक्टर!

त्याच १८८८ साली इकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत, म्हणजे तेही मास्तरच. सायकलीची किंमत सातशे रुपयांपासून पुढे आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे, असे सांगतात. पण लक्ष्मणराव सायकलीला चिकटून बसले नाहीत. ते लोखंडी नांगराकडे वळले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. आमच्या गावापासून ती फार लांब नाही. आजोबांचे तट्टू त्या रस्त्याने कितीदा तरी गेले असेल.

आणखी एक गोष्ट वाचताना मात्र मान खाली गेली. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्यभर झगडलेल्या सुझन अँथनी यांनी १८९६ साली म्हटले होते की, स्त्रियांच्या मुक्तीला जगातल्या इतर कशाहीपेक्षा सायकलीने अधिक हातभार लावला आहे. त्या काळी लुगड्या-झग्यांना अडचण होऊ नये म्हणून मधली नळी खाली वाकवलेल्या सायकली निघूही लागल्या होत्या. सव्वाशे वर्षांनंतर मी माझ्या मुलीला नळीच्या सायकलीवर बसवले आणि पायी चालायला लावले!

माझ्या बाजूनेही इतिहासात थोडे आहे, नाही असे नाही. स्टार्लीच्या सायकलीचा घाट आजही ओळखू येतो, आणि आपल्याकडची काळी सायकल तर पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली सोनीपतला ॲटलास आणि १९५६ साली लुधियान्याला हीरो निघाली. घाट एकच असल्यामुळे कोणत्याही गावचा सायकलवाला तिचा कोणताही भाग बदलून देऊ शके. अण्णांच्या सायकलीचे टायर, ट्यूब, रिमा, साखळी, सीट सारे बदलून झाले आहे. मूळचे म्हणावे असे सांगाडा आणि घंटी, एवढेच उरले आहे. तिचे दुसरे भावंडही आता तिथून येणार नाही. २०२० च्या ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलासचा शेवटचा कारखाना थांबला. ती बातमी वाचून मी सायकलीला उगाचच तेल घातले होते.

तरीपण आजोबांपुढे माझे काही चालेना. त्यांचे तट्टू तर जिवंत होते. मान हलवीत होते, हाकेला ओ देत होते. ते त्यांनी मुलाच्या वाटेसाठी दिले. आणि मी लेकीसाठी एक लोखंडी सांगाडा बाजूला ठेवायला तयार नव्हतो.

पाडव्याला आम्ही तालुक्याला जाऊन निळी, खाली वाकवलेल्या नळीची सायकल आणली. आईने दोन्ही सायकलींना ओवाळले. मला भरून आले, म्हणून मी मुलीला म्हटले, "अण्णांची घंटी काढून तुझ्या सायकलीला लावू का?"

"नको, बाबा," ती म्हणाली, "ती घंटी वाजली की आजी चहा ठेवते. माझ्या सायकलीवर वाजली तर तिला वाटेल, तुम्हीच आलात."

आता सकाळी आमच्या दारातून दोन सायकली निघतात. वेशीपर्यंत आम्ही बरोबर जातो. मारुतीच्या देवळाशी ती तालुक्याच्या रस्त्याला वळते आणि पाहता पाहता दिसेनाशी होते. माझी सायकल चढाला कुरकुरते. मग मी खाली उतरतो आणि तिला हाताला धरून चालवीत शाळेत नेतो.