पुरावा आणि तारतम्य

आमच्या भाईंदरांत माझ्या एका शेजाऱ्यांना गेल्या वर्षीं अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. रुग्णालयांतून घरीं आणल्यावर त्यांच्या मुलानें बिनपगारी रजा घेऊन तीन महिने सकाळ-संध्याकाळ त्यांचे हातपाय हलविले. तरी म्हणावा तसा गुण येईना. “माझेंच कोठें तरी चुकलें,” असें मजजवळ बोलतांना त्याचा कंठ दाटून आला. त्याचें खरोखरच चुकलें काय, हें समजून घेण्यासाठीं मीं या उपचारांचा इतिहास चाळला. तोच आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय वांकडे होऊं नयेत म्हणून ते फळ्यांनीं अथवा प्लॅस्टरनें महिनेमहिने जखडून ठेवीत. एलिझाबेथ केनी नांवाच्या ऑस्ट्रेलियन परिचारिकेनें याच्या उलट केलें. गरम लोकरी कापडानें शेकून ती दुखरे स्नायु सैल करी, आणि मग रोग्याकडून हळूहळू हालचाल करवून घेई. तिच्या देशांतील अनेक डॉक्टरांनीं तिला विरोध केला. १९४० सालीं ती अमेरिकेस गेली. तेथें तिच्या रोग्यांची स्थिति पाहून कित्येक डॉक्टरांचें मत पालटलें. रोगाची तिनें सांगितलेली कारणमीमांसा पुढें सर्वस्वीं टिकली नाहीं, परंतु जखडून ठेवण्याची रूढि मात्र मोडली. कृति उपयुक्त आणि उपपत्ति सदोष, असेंही होऊं शकतें. म्हणून उपचार कोण सांगतो यापेक्षां रोग्याला त्यापासून काय होतें, हें पाहावें लागतें.

आपल्या मुंबईंत या विद्येचा पाया स्वातंत्र्यानंतर लवकरच घातला गेला. जन्मानें अमेरिकन आणि विवाहानें महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराची शाळा काढली. भारतांतील ही पहिलीच. व्यवसायोपचार म्हणजे धंदेशिक्षण नव्हे. सदरा घालणें, घास उचलणें, अक्षर काढणें अशा रोजच्या कामांच्या द्वारेंच हरपलेली शक्ति परत मिळविण्याची ती रीत आहे. १९५३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें त्याच रुग्णालयांत फिजिओथेरपीची शाळाही निघाली.

पुढें या उपचारांची कसोटी अधिक कडक झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रोग्यांचे दोन गट पाडावयाचे, एकास नवा उपचार व दुसऱ्यास नेहमींचा द्यावयाचा, आणि फळ मोजणाऱ्यास कोण कोणत्या गटांतला हें कळूं द्यावयाचें नाहीं. या कसोटीनें जाणत्यांनाही चकित केलें. झटका आलेल्या रोग्यास जितकें लवकर व जितक्या वेळां उठवावें तितकें बरें, असें पुष्कळांस वाटे. पांच देशांतील २१०४ रोग्यांवर पाहिलें, तों २०१५ सालीं उलटेंच दिसलें. पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठविलेल्यांपैकीं शेंकडा ४६ जणांची स्थिति तीन महिन्यांनीं चांगली होती. नेहमींच्या रीतीनें उपचार केलेल्यांपैकीं शेंकडा ५० जणांची.

आपल्याकडील १४ रुग्णालयांतील १२५० रोग्यांचा निकाल २०१७ सालीं आला. घरच्या माणसांना व्यायामाची खास शिकवण दिली, तरी सहा महिन्यांनीं मृत अथवा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण दोन्ही गटांत शेंकडा ४७ च राहिलें. मग घरच्यांची सेवा व्यर्थ काय? मुळींच नाहीं. केवळ त्या शिकवणीची भर घालून एकंदर निकाल पालटला नाहीं, एवढेंच त्यावरून ठरतें. मात्र गुण आला नाहीं म्हणून घरच्यांनीं स्वतःस अपराधी मानावें, याला कांहीं आधार नाहीं.

परंतु पुरावा सांगतो तो शेंकड्यांचा हिशेब, आणि खाटेवर असतो तो एकच माणूस. या दोहोंची सांगड घालणें हेंच उपचारकाचें तारतम्य. माझ्या शेजाऱ्यांकडे पुढें एक फिजिओथेरपिस्टबाई येऊं लागल्या. पहिल्या दिवशीं त्यांनीं रोग्यास हातही लावला नाहीं. ते कसे बसतात, कूस कशी बदलतात, हेंच अर्धा तास पाहिलें. मग विचारलें, “अण्णा, तुम्हांला सर्वांत आधीं काय करावेंसें वाटतें?” उत्तर आलें, “माझ्या हातानें जेवावें.” जें काम साधावयाचें त्याचाच वारंवार सराव हितकर, हें अनेक परीक्षणांनीं दाखविलें आहे. त्यांनीं चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड केली, कोपराखालीं उशी दिली, आणि किती घास तोंडापर्यंत पोंचतात याची वहींत नोंद ठेवावयास सांगितलें. पंधरा दिवसांत आंकडा हलला नाहीं, तर रीत बदलूं, असेंही त्या म्हणाल्या.

आज अण्णा वरणभात चमच्यानें खातात. थोडा सांडतो. पाय अजून ओढतच आहे. मुलानें आपली शंका बाईंना विचारली, तेव्हां त्या म्हणाल्या, “तुमच्या सेवेंत उणें नव्हतें. फक्त आजवर हात तुम्ही हलवीत होतां. आतां तो अण्णांना हलवूं द्या.”