बॉनची बैठक

परिषद म्हटली की पत्रिका आधी छापून येते. कोण कधी बोलणार, सत्कार कुणाचा, चहा किती वाजता, सगळं ठरलेलं! जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात फ्रिडरिश हिर्झेब्रुख यांनी १९५७ साली एक वार्षिक बैठक सुरू केली. तिचं नावही साधंच होतं : आर्बाइट्सटागुंग, म्हणजे कामाची बैठक. तिथे पुढे वेगळीच रीत पडली. हिर्झेब्रुख खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहायचे, समोरचे गणिती नावं आणि विषय ओरडून सुचवायचे आणि त्यातून व्याख्यानं ठरायची.

विषय मुख्यतः टोपॉलॉजी आणि तिची सख्खी भावंडं. टोपॉलॉजी म्हणजे मेदूवडा आणि कानवाला कप यांना एकच मानणारं शास्त्र. दोघांनाही एकच आरपार भोक! अंतर न मोजताही ‘जवळ’ म्हणजे काय हे सांगता येतं, हा या शास्त्राचा पाया. तो १९१४ सालच्या आपल्या ग्रंथात नीट रचला फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी.

आणि हे हाउसडॉर्फ बॉनचेच प्राध्यापक. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांचं काम आणि मान दोन्ही हिरावलं गेलं. जानेवारी १९४२ मध्ये शहरातल्याच एंडेनिखच्या छावणीत हजर होण्याचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी, पत्नीने आणि मेहुणीने आयुष्य संपवलं. वय ७३. सहकारी कुठे होते, हा प्रश्न मला सोडत नाही.

त्या रात्रीनंतर जेमतेम पंधरा वर्षांनी त्याच गावात परदेशी गणिती येऊन बसले. पहिल्याच वर्षी मोजकी मंडळी होती, पण कोण? इंग्लंडचे मायकेल अतिया आणि अलेक्झांडर ग्रोथेंडीक. ग्रोथेंडीक तेव्हा २९ वर्षांचे. त्यांचे वडील आउश्वित्झमध्ये मारले गेले होते. ते जर्मनीत आले आणि रीमान-रोख प्रमेयाचं आपलं नवं रूप तासन् तास समजावत राहिले. ती कल्पना अतिया आणि हिर्झेब्रुख यांनी टोपॉलॉजीत आणली. त्यातूनच टोपॉलॉजीतला के-सिद्धांत उभा राहिला.

हिर्झेब्रुख यांनी ही बैठक १९९१ पर्यंत चालवली. मधे एखादा दिवस ऱ्हाईनवर बोटीतून फेरफटका असे. गप्पा अर्थातच गणिताच्या. हाउसडॉर्फच्या समग्र लेखनाच्या संपादनातही पुढे त्यांचा हात होता. बॉनमधल्या गणिताच्या मोठ्या केंद्राला २००६ साली, उशिरा का होईना, हाउसडॉर्फचं नाव मिळालं.