पदवीचा उंबरठा आणि घराची पार्श्वभूमी : नवी मुंबईच्या भूमीतील एक शैक्षणिक वृत्तान्त

इ. स. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा ठाणे खाडीच्या पूर्वेकडील बेलापूर, पनवेल आणि उरण परिसरातील गावे नकाशावर विद्यापीठापासून फारशी दूर नव्हती. प्रत्यक्षात मात्र हे अंतर फार मोठे होते. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबातील मुलाला महाविद्यालयात जायचे तर उरणजवळच्या मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यास जावे लागे, अथवा ठाण्याला वळसा घालावा लागे. खाडीवरील पूल वाहतुकीस खुला झाला तो १९७३ मध्ये. तोवर उच्च शिक्षणाचा पहिला प्रश्न गुणांचा नव्हे, तर मुंबईत रात्री पथारी पसरण्याच्या जागेचा होता. ज्याचा मामा वा चुलता गिरणगावातील चाळीत राहात असे, त्याला जागा मिळे. बाकीच्यांची बुद्धी गावातच राही.

ही अडचण प्रथम ओळखली ती शासनाने नव्हे, तर समाजातील दानशूर व्यक्तींनी. सुरतेचे जवाहिऱ्याचा व्यवसाय करणारे शेठ माणिकचंद हिराचंद यांनी १९०० मध्ये मुंबईत तारदेव येथे आपल्या वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या श्री महावीर जैन विद्यालयाचे वसतिगृह १९१५ मध्ये सुरू झाले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. तेथील दिगंबर जैन बोर्डिंगही त्याच काळातील. या वसतिगृहांतून जेवण आणि निवारा मिळे हे खरेच. परंतु त्याहून मोलाची एक गोष्ट मिळे, तिची नोंद कोणत्याही हिशेबवहीत सापडत नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरातील चार प्रतिष्ठित माणसे नावाने ओळखू लागत. पदवी हाती पडल्यावर कोणत्या पेढीत जावे, कोणाची चिठ्ठी न्यावी, हे सांगणारे कोणीतरी असे. घरातून जे मिळावयास हवे होते ते वसतिगृहातून मिळाले, असे म्हणता येईल. अर्थात या छायेला समाजाची सीमा होती.

ती सीमा ओलांडणारा पुरुष अशाच एका वसतिगृहातून बाहेर पडला, हा इतिहासातील मोठा योगायोग होय. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. इंग्रजी सहावीपुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. पुढे ओगले आणि किर्लोस्कर यांच्या मालाच्या विक्रीनिमित्त गावोगाव हिंडताना त्यांनी बहुजन समाजाचे दैन्य जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला गेला. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. तेथे विद्यार्थ्याच्या श्रमास शुल्काचे मोल देण्यात आले. 'कमवा आणि शिका' ही योजना ती हीच. मॅट्रिकही न झालेल्या या माणसास १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट्. दिली.

कर्मवीरांच्या या कार्याचा नवी मुंबईशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. त्याच वर्षी पनवेल येथे रयतचे महात्मा फुले महाविद्यालय सुरू झाले. १९७९ मध्ये वाशी येथे कर्मवीरांच्याच नावाचे महाविद्यालय आले, आणि उरण तालुक्यात फुंडे येथे वीर वाजेकर महाविद्यालय उभे राहिले. ज्या पिढीची शेते गेली, त्याच पिढीच्या मुलांच्या दारी प्रथमच महाविद्यालय आले. जमीन ही पिढ्यान्‌पिढ्या पुरणारी मिळकत. तिच्या जागी पदवी पुरेल काय, हा प्रश्न तेव्हापासून येथील प्रत्येक घरात विचारला जात आहे. जानेवारी १९८४ मध्ये लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना पुढे आली. दि. बा. स्वतः वकील होते. शेतकऱ्याच्या बाजूने कायद्याचा कागद वाचणारा माणूस घरचा असला म्हणजे काय होते, याचे ते उत्तम उदाहरण.

वाशीस आणखी एक वेगळेपण लाभले. मुंबईतील घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने येथे हलले. मशीद बंदर भागातील कच्छी, गुजराती व जैन व्यापारी आले आणि त्यांच्याबरोबर सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातून मुंबईस आलेले, १९६९ च्या कायद्याने संरक्षण मिळालेले माथाडी कामगारही आले. अशा रीतीने धान्याच्या गाळ्याच्या मालकाचा मुलगा, त्याच गाळ्यात पोती वाहणाऱ्या माथाडीची मुलगी आणि ज्याच्या शेतावर तो बाजार उभा राहिला त्या आगरी शेतकऱ्याचा नातू, असे तिघेही वाणिज्य शाखेच्या एकाच वर्गात बसू शकतील, अशी स्थिती निर्माण झाली. परीक्षेत कोण पुढे जाईल हे सांगता येत नाही. परंतु पदवीनंतरचा रस्ता बऱ्याच अंशी आधीच आखलेला असतो. पहिल्यासाठी पेढी वाट पाहात असते. सनदी लेखापालाच्या परीक्षेत तीनदा अपयश आले तरी घर थांबू शकते. दुसरीला पहिल्याच वर्षी पगार आणावयाचा असतो. तिसऱ्याची जमीन गेलेली आणि भूखंडाचा पैसा काही घरांत शिक्षणात, तर काही घरांत बांधकामात व लग्नकार्यात गेलेला. गुणपत्रिका तिघांची सारखी असली, तरी थांबण्याची ऐपत सारखी नसते.

दरम्यान शुल्काचा प्रश्न उग्र झाला. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फीमाफी मिळाल्याने ग्रामीण महाराष्ट्राला महाविद्यालये खुली झाली होती. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली आणि नवी मुंबई अशा संस्थांचे मोठे केंद्र बनली. नेरुळचे रामराव आदिक तंत्रनिकेतन त्याच वर्षीचे. जागा वाढल्या, हे निर्विवाद. देणगीची प्रथाही वाढली, म्हणून १९८७ मध्ये राज्यास कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी वसुली अवैध ठरविली. पुढे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने खासगी संस्थांना शुल्क ठरविण्याची बरीच मोकळीक दिली. शासनाने शिष्यवृत्त्यांचा विस्तार केला. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास व आर्थिक दुर्बल प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. माथाडीच्या मुलीसारख्या कितीतरी जणींना हा निर्णय पंधरा-वीस वर्षे आधी हवा होता.

केवळ जागा वाढवून विषमता कमी होत नाही, हे अन्यत्रही दिसून आले आहे. राफ्टरी व हाउट या समाजशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये आयर्लंडच्या अनुभवावरून दाखविले, की वरच्या वर्गाची गरज भागत नाही तोवर वाढलेल्या जागांचा लाभ त्यालाच अधिक मिळत राहतो. भारतात २०२१-२२ च्या शासकीय सर्वेक्षणानुसार उच्च शिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के, अनुसूचित जातींचे २५.९ आणि अनुसूचित जमातींचे २१.२ टक्के होते. दरी पूर्वीपेक्षा आकसली आहे, मिटलेली नाही.

आणि प्रवेशाची दरी आकसली तरी नोकरीची राहतेच. सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी मनुष्यबळ विभागांच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आपण केवळ गुणवत्ता पाहतो असे ते म्हणत, आणि त्याच बैठकीत उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारणे त्यांना अगत्याचे वाटे. वडील काय करतात, भाऊ-बहिणी किती शिकल्या, या उत्तरांवरून ते उमेदवाराचा स्वभाव ठरवीत. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी त्याच वर्षी दाखविले, की समान पात्रतेचे अर्ज पाठविले असता दलित आडनावाच्या उमेदवारास मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता लक्षणीय कमी राहते. इंग्लंडमधील २०१६ चा एक अभ्यास तर असे सांगतो, की त्याच विद्यापीठातून तीच पदवी घेतलेल्यांतही श्रीमंत घरचे पदवीधर सुमारे दहा टक्के अधिक कमावतात.

ऐरोली-महापे येथील काचेच्या इमारतींत आज जे तरुण कामास जातात, त्यांत दिवा, रबाळे, तुर्भे, कोपरखैरणे या मूळ गावांतील मुलेही आहेत; १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या परिसरातही आहेत. ती कोणत्या पदांवर आहेत, हे मात्र शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांच्या नोंदवहीत क्वचितच आढळते. अर्जावर गुणपत्रिका व उत्पन्नाचा दाखला जोडला जातो, धनादेश दिला जातो, समारंभाचे छायाचित्र स्मरणिकेत येते आणि विद्यार्थ्याचे नाव पुढील वर्षीच्या यादीतून गळते. माणिकचंद शेठांच्या काळातील वसतिगृहाचा गृहपती आपला विद्यार्थी कोणत्या पेढीवर लागला हे जाणत असे, कारण मुलाखतीसाठी चिठ्ठी बहुधा त्यानेच लिहिलेली असे.